एक हजार एकावी मुंगी

वारुळं नवीनवी होती तेव्हाची गोष्ट. गुळाचा खडा सापडला आणि एक हजार एक मुंग्या जेवायला जमल्या. रीत अशी, की एकही ओळ अपुरी असेल तर वाढायचं नाही.

दगडू मुंगळा वाढपी. त्याने दोनदोनच्या, पाचपाचच्या, दहादहाच्या ओळी लावून पाहिल्या. दर वेळी लंगडत मागून येणारी ठकूमावशी एकटी उरे.

“मावशी, तुम्ही घरी जा. गूळ पाठवतो.”

मावशीच्या पोटात कावळे ओरडत होते. “सातसातच्या लावून बघ की.”

एकशे त्रेचाळीस ओळी भरल्या, कुणी उरलं नाही. हौसेने अकराअकराच्या, तेरातेराच्याही लावल्या. त्याही भरल्या.

मावशी हसत पाणी प्यायला उठली, तशी शेवटची ओळ अपुरी झाली. दगडू धावत मागे आला.

“मावशी, लवकर या. हजार जणी खोळंबल्यात.”