स्टँडची घट्ट पकड

वस्तू आपसांत सुखदुःख बोलायच्या, त्या दिवसांतली गोष्ट. वसईच्या बावतीस मास्तरांकडे एक जुनी गिटार होती. तिच्यासाठी त्यांनी नवा स्टँड आणला. त्याच्या दोन्ही हातांना मऊ रबर होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

थोड्याच दिवसांत गिटारीच्या मानेवर काळपट डाग उमटले. आपली पकड सैल पडते म्हणून ती घासली जाते, असं स्टँडला वाटलं. त्याने तिला आणखी घट्ट धरलं. डाग वाढलेच. मास्तर कडाडले, "हा स्टँड उद्या भंगारात!"

"एवढं जपूनसुद्धा?" स्टँड रडकुंडीला आला.

खुंटीवरचं सुती फडकं म्हणालं, "अरे वेड्या, तुझं रबर घामेजतं आणि हिचं पॉलिश पडलं नाजूक. मला मध्ये येऊ दे." आणि ते घसरून त्याच्या हातांवर पडलं.

सकाळी फडकं उचलताना मास्तरांचं बोट रबराला लागलं. रबर चिकट! "अस्सं होय," म्हणत त्यांनी तेच फडकं स्टँडच्या दोन्ही हातांना गुंडाळलं. त्यानंतर नवा डाग उमटला नाही. स्टँडचा जीव भांड्यात पडला आणि त्याने आपली पकडही सैल केली.

"हल्ली सैल धरतोस, तरी मी पडत नाही," गिटार हसली.

"आधी धरत कुठे होतो बाई," स्टँड म्हणाला, "नुसता चिकटून बसलो होतो."