बोटभर फट

भट्टीतली लाकडं जाऊन नुकती वीज आली होती, त्या वेळची ही गोष्ट. लोखंडी कपाटांचा रंग वाळवायच्या भट्टीत पांडबा मिस्त्रीने पुरुषभर लांब हीटरचा रॉड बसवला. एका टोकाला रॉड धरणारी थोरली कडी त्याने स्क्रू पिळून घट्ट आवळली, दुसऱ्या टोकाची धाकटी मात्र सैल ठेवली.

धाकटीच्या जिवाला घोर लागला. एवढा जड रॉड, निसटला तर तुकडे होतील. ती आपल्या स्क्रूला म्हणाली, "भाऊ, दोन आटे आत ये की."

"मिस्त्रीने ठेवलंय तेवढंच बरं."

"मिस्त्री जाईल घरी. सांभाळायचंय मला."

स्क्रू दोन आटे आत सरकला.

"अगं, मी धरलंय ना इकडून," थोरली म्हणाली. "तू नुसता हात दे." धाकटीने ऐकलं नाही.

भट्टी सुरू झाली. रॉड तापला आणि तापेल तसा लांबीला वाढू लागला. जागा मिळेना म्हणून मधोमध वाकला.

"मावशी, जरा सरकू दे," तो धाकटीला म्हणाला.

धाकटीला वाटलं, हा सुटायला बघतोय. तिने आणखी आवळलं. रॉड आणखी वाकून भट्टीच्या भिंतीला टेकला, तिथं साचलेला रंग करपू लागला.

जळका वास येताच पांडबाने वीज बंद केली. निवल्यावर रॉड सरळ केला, धाकटीचा स्क्रू ढिला केला. "इथं सरकायला बोटभर फट हवी," तो स्वतःशीच म्हणाला. "तापल्यावर हा वाढणार, मग जाईल कुठं?"

दुसऱ्या दिवशी रॉड पुन्हा तापला. धाकटी जीव मुठीत धरून बसली. रॉड तिच्यातून बोटभर पुढे गेला, पण पडला नाही. संध्याकाळी भट्टी निवली, तसा आपला आपण बोटभर मागे आला.