गुंगी आणणाऱ्या धमन्या

आमच्या तान्हीला झोपवायला मी ही गोष्ट सांगते; आधी मीच झोपते, ते सोडा.

राजाला चवरी ढाळणाऱ्या गोजराचं बाळ भर दरबारात रडायचं थांबेना. राजवैद्य धुंडिराजशास्त्री उठले. "महाराज, मानेतल्या दोन मोठ्या धमन्यांना यवन वैद्य 'कॅरोटिड' म्हणतात, म्हणजे गुंगी आणणाऱ्या. दाबल्या की माणूस निपचित! याच्या दाबू?"

"दाबा लवकर!" राजा ओरडला.

गोजराने बाळाची मान पदराखाली झाकली. "शास्त्रीबुवा, आधी ते नाव कसं पडलं, तेवढं सविस्तर सांगा ना."

शास्त्री खुलले. बोलत राहिले, बोलतच राहिले. शेवटी त्यांनी बाळाकडे हात नेला.

"हळू!" गोजरा कुजबुजली. "बाळ झोपलं. महाराजही झोपले. सेनापती तर घोरताहेत. कुणाच्या मानेला बोटही लागलं नाही. ते नाव तुमच्या जिभेलाच शोभतं!"

तेव्हापासून राजाला झोप आली नाही की शास्त्रींना बोलावतात. हात मात्र मागे बांधून.