कवड्या भुंकला ते झाड

करंजदऱ्याच्या डोंगरावर अजून कुऱ्हाड फिरली नव्हती आणि भर दुपारीही झाडाखाली सावली काळी पडायची, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात खेमाजी नावाचा माणूस होता. तो शिकारी कुत्री शिकवायचा. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नाही.

त्याची कुत्री उदमांजराच्या मागावर जायची. उदमांजर म्हणजे कोंबड्या चोरणारं, झाडावर राहणारं जनावर. कुत्रं जमिनीला नाक लावून माग काढतं, पळताना एक आवाज देतं, त्याला धावता आवाज म्हणतात. जनावर झाडावर चढलं की कुत्रं बुंध्याला पाय लावून, मान वर करून भुंकतं. तो उभा आवाज. खेमाजी पहाटे कुत्री सोडायचा आणि स्वतः खडकावर बसून नुसता ऐकायचा. उभा आवाज आला की जायचा, वर बघायचा, आणि पुष्कळदा जनावराला हात न लावता परत यायचा. त्याची बायको ठकूबाई म्हणायची, "रिकाम्या हातानं येता, मग जाता कशाला?"

"ऐकायला," एवढंच तो सांगायचा.

त्याचं कुत्रं रिकाम्या झाडाखाली कधी भुंकलं नाही. पिल्लाला तो दोन पावसाळे नुसता हिंडवायचा. घाई करणाऱ्या पिल्लाला मागं ठेवायचा. जगात कुत्रं तेवढं खोटं बोलत नाही, असं त्या वेळी सगळे मानत. खेमाजीमुळेच मानत, असं म्हणतात.

आता डोंगराचं सांगतो. डोंगरावरचं गवत दोन गावांचं होतं, आमचं करंजदरा आणि नदीपलीकडचं मोहरवाडी. पण गवत दोघांना पुरत नव्हतं. म्हणून दर पौषात डोंगरदेवाच्या जत्रेला कुत्र्यांची पैज लागायची. पिंजऱ्यातलं उदमांजर रानातून ओढत नेऊन कुठल्या तरी झाडावर टांगायचे. दोन्ही गावं दोन-दोन कुत्री सोडायची. पंच खाली देवळाच्या ओट्यावर बसून ऐकायचे. ज्याचा उभा आवाज पहिला, त्याच्या गावाला वर्षाचं गवत. झाड बघायला कोणी वर जात नसे. कुत्र्यानं सांगितलं ना? मग बघायचं काय?

सलग तीन वर्षं करंजदरा हरलं. खेमाजीची कुत्री माग सोडत नसत, प्रत्येक वळण हुंगत जात. मोहरवाडीची कुत्री बिगीबिगी जाऊन आधी भुंकत. तिसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या गुरांच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. रायाजी पाटील चार माणसं घेऊन खेमाजीच्या अंगणात आले.

"खेमाजी, तुझी कुत्री लई सत्यवान हाईत. पण सत्य काय गव्हाणीत टाकायचं?"

सोबतची माणसं हसली. खेमाजी हसला नाही.

"पाटील, शिकारीचं कुत्रं येगळं आन् पैजंचं येगळं. शिकारीच्या कुत्र्याला नाक लागतं. पैजंच्या कुत्र्याला निस्तं तोंड."

"मग तोंड शिकीव."

"त्ये शिकवणं न्हाई. त्ये बिघडवणं हाय."

"तुला जमत न्हाई म्हण की सरळ," पाटील म्हणाले.

ठकूबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. नवऱ्याचं तोंड तिला दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली, आणि आता काही खरं नाही हे तिला कळलं. जमत नाही, हा शब्द त्याला कोणी कधी लावला नव्हता.

आदल्या साली त्यांच्या कुत्रीला दोन पिल्लं झाली होती. एक तांबूस मादी, तिला तांबी म्हणत. दुसरा अंगावर पांढरे ठिपके असलेला, तो कवड्या. तांबीला खेमाजीनं आपल्यासाठी ठेवलं. कवड्याला त्यानं गावामागच्या बेहड्याच्या झाडाखाली नेलं. मुठीत बकऱ्याच्या काळजाचा तुकडा धरला आणि काठीनं बुंध्यावर टकटक केलं. पिल्लू वर बघायचं, मग धन्याकडे बघायचं. वर काही नाही हे त्याला कळत होतं. खेमाजी पुन्हा टकटक करायचा. शेवटी पिल्लू भुंकलं. तुकडा मिळाला.

ठकूबाई ताक घेऊन आली होती. तिनं विचारलं, "अवं, वर काय बी न्हाई. मग त्याला दावताय काय?"

खेमाजीनं दुसरा तुकडा काढला.

पौष आला. पैज लागली. कुत्री सुटली आणि पंचांनी चिलीम भरायच्या आधीच कवड्याचा उभा आवाज आला, एका सावरीच्या झाडाखालून, खणखणीत. ढोल वाजले. करंजदऱ्यानं गवत जिंकलं. लोकांनी कवड्याला खांद्यावर घेतलं. त्या गलक्यात दूर वरून दुसरा उभा आवाज आला, सावकाश, एकसारखा. ती तांबी होती. ती खऱ्या पिंजऱ्याच्या झाडाखाली उभी होती.

"खेमाजी, तुझी तांबी जेवणं झाल्यावर आली बघ पंगतीला!" कोणीतरी ओरडलं. सगळे खदखदले. खेमाजी एकटाच डोंगराकडे बघत होता. ठकूबाई म्हणायची की त्या दिवशी तो घरी आला आणि हात धुऊन नुसता बसला, जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गुराख्यांनी त्या सावरीवर बिबट्या पाहिला. सावरीला हे मोठाले काटे, तिच्यावर माकडही चढत नाही. बिबट्या वरच्या बेचक्यात बसून खाली बघत होता, आणि कसा चढलो हे त्याचं त्यालाही कळलं नसावं, असं त्याचं तोंड होतं. तेव्हा कोणाच्या मनात काही आलं नाही. फक्त ठकूबाईला आठवलं की बेहड्याखाली कवड्या पहिल्यांदा भुंकला, त्याच्या तिसऱ्या दुपारी तिथंही एक उदमांजर झोपलेलं सापडलं होतं. त्या झाडावर उदमांजर कधीच येत नसे.

गावाला कवड्याचा नाद लागला. येता-जाता लोक त्याला भाकर दाखवायचे आणि म्हणायचे, "भुंक रं कवड्या!" तो भुंकायचा. लोक हसायचे. एकदा वेशीबाहेरच्या ऐनाच्या झाडाखाली तो असाच भुंकला. तांबी तिथं आली, तिनं बुंधा हुंगला आणि मान फिरवून निघून गेली.

तिसऱ्या दुपारी लिंबाजी सुतार त्या ऐनावर सापडला. फांदीला पाठ टेकून बसलेला, डोळे उघडे, अंग गार. लिंबाजी दोन दिवस तापानं घरात निजून होता. त्याच्या बायकोनं पाण्याला जाताना दाराला बाहेरून कडी घातली होती. ती परत आली तेव्हा कडी तशीच होती, असं म्हणतात.

मग गावाला कळलं. कवड्या खोटं बोलत नव्हता. तो आधी बोलत होता. झाड मागाहून भरत होतं.

खेमाजीनं त्याला साखळीनं बांधलं. पण सुगीच्या दिवसांत, भर दुपारी, ती साखळी तुटली. खळ्याजवळ एक जुनी चिंच होती. खळ्यावर काम करणाऱ्या बायका आपल्या तान्ह्यांच्या झोळ्या तिच्या आडव्या फांदीला बांधायच्या. त्या दिवशी पाच झोळ्या होत्या. एका झोळीत ठकूबाईच्या लेकीचं, गोदीचं, दोन महिन्यांचं पोर होतं. कवड्या धावत आला, बुंध्याला पाय लावले, मान वर केली आणि भुंकला. कोणी भाकर दाखवली नव्हती. कोणी काही म्हटलं नव्हतं.

बायकांच्या हातातली सुपं तशीच राहिली. गोदीनं झोळीतून पोर ओढून छातीशी धरलं आणि पळत सुटली. चौघीजणी तिच्या मागं. पण घरात नेऊन काय उपयोग? लिंबाजीही घरातच होता.

संध्याकाळी पाटील आले. हातात भाला होता, मागं कुऱ्हाडी घेतलेली माणसं.

"कुत्रं मारतो आन् चिंच पाडतो," पाटील म्हणाले. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. पाच पोरांत त्यांचाही नातू होता.

"मारा," खेमाजी म्हणाला. "पर त्यानं सांगितलेलं मागं कोण घेणार? चिंच पाडली तर त्ये दुसरं झाड बघंल. आंबा हाय, वड हाय. किती पाडाल?"

"मग काय करायचं, तू सांग!"

"मी न्हाई म्हणालो व्हतो, पाटील."

पाटलांनी मान खाली घातली. मग खेमाजीच बोलला. "तुमचा दोष न्हाई. तुम्ही गवत मागितलं. खोटं मी शिकीवलं. आता त्ये खरं बी मीच करतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, नातवाला मांडीवर घेतलं. ठकूबाईनं भाकरी वाढली ती त्यानं सगळी खाल्ली. मग दोन्ही कुत्र्यांना घेऊन तो खळ्याकडे निघाला. ठकूबाई मागून निघाली.

"तू कशाला येतीस, ठके?"

"तुम्ही कशाला जाता?"

दोघं गेले.

खळ्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं, सावली पायाखाली शिरली होती. कवड्या बुंध्याशी उभा राहून भुंकत होता, थांबत नव्हता. खेमाजी चिंचेवर चढला. म्हातारा माणूस, पण पोरासारखा चढला, असं ठकूबाई सांगायची. झोळ्या बांधतात त्या फांदीवर तो नीट बसला. खाली बघून कवड्याला म्हणाला,

"हाय."

कवड्या गप्प झाला. त्यानं पाय खाली घेतले आणि तो थरथरायला लागला. ठकूबाई त्याला धरायला वाकली. एवढाच वेळ गेला. तिनं वर पाहिलं, तर फांदीवर कोणी नव्हतं.

तिनं हाका मारल्या. गाव धावलं. माणसं शेंड्यापर्यंत चढली, पान न् पान धुंडाळलं. धोतराचा धागा सापडला नाही. कोणी म्हणालं, म्हातारा पलीकडून उतरला, लाजेनं गाव सोडून गेला.

तेव्हा तांबी पुढं आली. तिनं बुंधा हुंगला, सावकाश, सगळ्या बाजूंनी. मग बुंध्याला पाय लावले, त्या फांदीकडे मान वर केली आणि उभा आवाज दिला. ती दिवस मावळेपर्यंत भुंकत होती. तांबी रिकाम्या झाडाखाली कधी भुंकली नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं. पलीकडून उतरला म्हणणारा माणूस डोक्यावरचं पागोटं काढून उभा राहिला.

पाची पोरं जगली. कवड्या पुढं नऊ वर्षं जगला, पण त्याच्या तोंडून पुन्हा आवाज निघाला नाही, असं म्हणतात. पुढच्या पौषात रायाजी पाटील स्वतः नदी उतरून मोहरवाडीला गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. पैज मोडली. गवत तेव्हापासून दोन्ही गावं अर्धं अर्धं कापतात. पुरत नाही, तरी कापतात.

करंजदऱ्यात आजही पैजेसाठी कुत्रं शिकवत नाहीत. एखादं अजाण पिल्लू रिकाम्या झाडाखाली भुंकलं, तर त्याला कोणी मारत नाही आणि त्याला कोणी हसतही नाही. जवळ जो मोठा माणूस असेल तो हातातलं काम टाकतो, जाऊन झाडावर चढतो, चढता येत नसेल तर बुंध्याला पाठ लावून उभा राहतो, आणि म्हणतो, "हाय." पिल्लू गप्प होतं. मग तो आपल्या कामाला जातो.

चिंच अजून उभी आहे. सुगीत बायका तिला झोळ्या बांधतात, त्याच फांदीला. आपलं तान्हं तिथं जितकं निर्धास्त झोपतं तितकं घरात झोपत नाही, असं त्या म्हणतात. पण दोर टाकण्याआधी प्रत्येक बाई वर बघून सांगते, "खेमाजीबाबा, जरा सरका."

आणि थोडं थांबते. म्हातारा माणूस आहे, सरकायला वेळ लागतो.