शालूने विचारलं

“...मग यातला कोणता घेऊ, बुवा?” वृषाली म्हणाली.

तिने तिन्ही अभ्यासक्रम मठाच्या सतरंजीवर मांडले होते. एकाची जाडजूड पुस्तकं, थेट पुण्याहून मागवलेली. दुसऱ्यात चित्रंच चित्रं. तिसऱ्यात माती, मणी, रंगीत काड्या... पुस्तक आपलं नावाला.

मठाचे नारोबुवा एकेक हातात घेऊन बघत होते.

वृषालीची मुलगी शालू खांबाला टेकून बसली होती. शाळेत पोर गप्प गप्प राहायला लागली, म्हणून आईने तिचं नाव शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. कॉलनीने तोंडात बोटं घातली. पण घरीही पोर गप्पच. एके काळी ‘हे असं का, ते तसं का’ करत शेजारपाजाऱ्यांचं डोकं खायची. आता कितीतरी दिवसांत तिने कोणाला एक प्रश्न विचारला नव्हता. कॉलनीच्या भिंती पातळ, त्यामुळे हेही सगळ्यांना ठाऊक होतं, की नवऱ्याने बजावलंय, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर पुन्हा शाळेत.

“तिन्ही चांगले?” बुवांनी विचारलं.

“उत्तम. मी स्वतः एम.एस्सी. आहे, बुवा. ओळ न् ओळ वाचलीय.”

“पोरीला कोणता आवडला?”

“तिला काय कळतंय त्यातलं.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चल. पंगत बसतेय. आज तू वाढ.”

वृषालीने ओढणी कमरेला खोचली. वाढण्यात तिला कोणी नावं ठेवावीत अशी सोय नव्हती. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मधोमध भाताची मूद, वर वरण, त्यावर तूप. पत्रावळी कशा चित्रासारख्या दिसत होत्या.

शालूजवळ आली, तर पोरीने पत्रावळीवर हात आडवा धरला.

वृषालीने तो अलगद बाजूला केला आणि मूद ठेवली.

भाजीच्या वेळी पुन्हा हात. पुन्हा बाजूला.

शालूचं पान भरलं. शालूने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्या पानाकडे बघत राहिली...

बुवा मागे येऊन उभे होते.

“सुरेख वाढलंस,” ते म्हणाले. “कोणाला?”

वृषाली हसली. मग तिचं हसू विरून गेलं.

दुसऱ्या पंगतीला बुवा स्वतः बसले. वृषालीला शेजारी बसवलं. भाजीचं लहानसं पातेलं आणि पळी शालूच्या हातात दिली.

“आता तू वाढ गं, शालू.”

“बुवा, सांडेल ती.”

“सांडू दे.”

शालूने बुवांच्या पानात पळीच्या टोकाने इवलीशी भाजी वाढली. पुढे मात्र गेली नाही. तिथेच उभी. बुवांच्या तोंडाकडे टक लावून.

बुवा चावत राहिले... सावकाश...

“तिखट लागतेय का?”

वृषालीचा घास हातातच राहिला. शालूचा आवाज होता.

“थोडी,” बुवा म्हणाले.

“मग आणखी नको?”

“हवी की. पण जरा दमाने.”

शालूने मान डोलावली, जणू फार महत्त्वाचं काही कळलं. मग आईच्या पानाशी आली, वाकली. पातेलं कललं, दोन फोडी जमिनीवर पडल्या.

“आई, तुला किती वाढू?”

वृषालीला समोरचं काही दिसेना. ओढणीने डोळे पुसत ती बुवांकडे वळली.

“बुवा... मग ती पुस्तकं? त्यातलं कोणतं...”

बुवांनी आपल्या पानावर हात आडवा धरला.

“मला मागून विचार. पोरीने तुला विचारलंय, आधी त्याचं उत्तर दे.”