नवव्या दारामागचा बेडूक

फार फार पूर्वी उगवतीच्या समुद्रात एक बेट होतं आणि त्या बेटावर होतं एक खेळघर. तिथे लाकडी पेट्या बनायच्या. पेटीत वळणावळणाची वाट, वाटेत नऊ दारं. पेटी हलवत हलवत गोटी पुढे न्यायची. त्या नादात पोरांचं जेवण राहायचं, म्हाताऱ्यांची दुपारची झोप राहायची. राजासुद्धा दरबारात मांडीवर पेटी घेऊन बसायचा, आता बोला.

या पेट्या बनवायची एक कारागीर बाई. पण खेळघराचा नियम असा, की पेटीवर कारागिराचं नाव नको. नाव कळलं तर दुसरा कोणीतरी तिला पळवून नेईल ना. म्हणून झाकणावर फक्त खेळघराचा शिक्का, उडता बगळा.

बाई भांडली नाही. तिने गुपचूप नवव्या दारामागे इवलासा बेडूक कोरायला सुरुवात केली. दर पेटीत वेगळा. एक जांभई देणारा, एक छत्री घेतलेला. बेटावरच्या पोरापोराला तो ठाऊक होता. ठाऊक नव्हता एकट्या मालकाला. कारण हा माणूस स्वतःची एकही पेटी कधी शेवटपर्यंत खेळला नव्हता. वीस वर्षं. दुसऱ्या दाराशीच कंटाळायचा आणि म्हणायचा, लोक आपला बगळा बघून घेतात.

मग एका वर्षी जत्रा आठ दिवसांवर आली आणि पेट्या अर्ध्याच झाल्या होत्या. मालकाने फर्मावलं, आठ दारं पुरेत, नववं नुसतं रंगवून टाका.

बाईने कपाळाला हात लावला. "मालक, नववं उघडलं नाही तर खेळ संपतच नाही. निदान एकदा खेळून तरी बघा."

"मला कामं आहेत, बाई. शेवटपर्यंत जातंय कोण?"

सगळेच जातात, हे सांगून सांगून तिचा घसा बसला. शेवटी तिने हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि निघाली. खेळघरातल्या उरलेल्या कामगारांनी दारं रंगवली.

जत्रेत पेट्या हातोहात गेल्या. मालक खूश. आणि आठवडाभरात घरोघरी पोरं त्या रंगवलेल्या दारावर गोटी आपटून आपटून रडकुंडीला आली. पुढच्या जत्रेत निम्म्या पेट्या तशाच पडून राहिल्या. आता तरी माणसाने पेटी हातात घेऊन बघावं की नाही? छे. याने बगळा मोठा केला. मग सोनेरी केला. मग तीच पेटी लाल रंगात काढली, मग हिरव्या, मग नवी म्हणून पुन्हा लाल. शेवटी बगळा चपलांवर आणि लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा उठवला. बगळा दिसला की लोक दुसऱ्या दुकानाकडे वळायला लागले.

खेळघराला कुलूप लागलं. त्या दिवशी भटकत भटकत मालक बंदरावर पोचला. तिथे बाईची टपरी आणि समोर ही रांग. पेट्यांवर शिक्का नाही, काही नाही. तोही रांगेत उभा राहिला, एक पेटी घेतली आणि दुसरं काम उरलंच नव्हतं म्हणून पहिल्यांदा शेवटपर्यंत खेळला. ऊन उतरता उतरता नववं दार उघडलं. आत जीभ काढून दाखवणारा बेडूक.

"हा कोण?" त्याने विचारलं.

रांगेतली चिमुरडी त्याच्याकडे बघतच राहिली. "आजोबा, तुम्हाला एवढंही माहीत नाही?"

बाई रंधा मारत होती. मान वर न करता म्हणाली, "वीस वर्षं तुमच्याच घरात होता, मालक."

तर मंडळी, शिक्क्याला मान मिळतो तो आतल्या कामामुळे. ज्याने आत कधी डोकावलंच नाही, त्याचं काय गेलं हे त्याला सगळं गेल्यावरच कळतं.