बाजाराचा वार

नातालीनबायच्या जिभेला गाव मान द्यायचं, ते उगाच नाही.

चर्चचं छप्पर गळू लागलं. मिस्सेची प्रार्थना संपल्यावर फादरांनी वर्षभराच्या देणगीचा शब्द मागितला. लोक शंभर-दोनशे बोलू लागले. तेवढ्यात शनिवार-रविवारी लग्नांनी गजबजणाऱ्या हॉलचे मालक इनासशेठ मिशीत हसत उठले. "जो सगळ्यांत जास्त देईल, त्याच्या दुप्पट माझे!"

भाजी विकणारी नातालीनबाय उभी राहिली. "फादर, दर शनिवारची माझी सगळी कमाई चर्चची."

"पुऱ्या दिवसाची कमाई! याहून जास्त कोण देणार?" फादर म्हणाले. "म्हणजे शेठ, तुमचे दोन दिवस. कुठले लिहू?"

शेठ घाईने म्हणाले, "सोमवार, मंगळवार."

"असं कसं, शेठ?" नातालीनबाय म्हणाली. "मी माझा बाजाराचा वार दिलाय. तुम्ही लग्नाचे द्या!"